जमिनीवरून ओट्यावर : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील स्वयंपाकघराच्या दगडाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील दगडाचा इतिहास प्रामुख्याने लेणी, मंदिरे आणि किल्ले यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. राजसत्ता, धर्म आणि व्यापार यांच्याशी या वास्तूंचा थेट संबंध असल्याने ते स्वाभाविकही आहे. तथापि ज्या दगडावर रोज वाटण वाटले गेले, धान्य दळले गेले आणि पुढे ज्या दगडाच्या ओट्यावर शेगडी मांडली गेली, त्या दगडाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले.

आज जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर किंवा घोडेगाव येथे नवे घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न येतो : ओट्याला कोणता दगड बसवावा? कडप्पा, ग्रॅनाइट, टाइल की कृत्रिम क्वार्ट्झ? वरवर पाहता हा प्रश्न खर्चाचा व आवडीचा आहे. परंतु सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर उभ्या असलेल्या या प्रदेशात ओट्याचा दगड मात्र शेकडो किलोमीटर अंतरावरून येतो, ही वस्तुस्थिती विचार करावयास लावणारी आहे. प्रस्तुत निबंधात या विसंगतीची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. ओट्याच्या दगडाची निवड ही केवळ दगडाच्या गुणधर्मांवरून ठरलेली नसून दगड कापण्याची व वाहून नेण्याची साधने, इंधनातील बदल आणि स्त्रीच्या श्रमाला घरात मिळणारे स्थान या तीन घटकांनी ती ठरवली आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. काळ्या पाषाणाचा प्रदेश

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके होत. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांची सपाट खोरी अशी त्यांची रचना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून थरावर थर साचून तयार झालेला बेसाल्ट, म्हणजेच लोकभाषेतील काळा पाषाण, हा येथील मूळ खडक आहे.

या खडकाशी येथील माणसाचे नाते प्राचीन आहे. सातवाहन काळात नाणेघाटामार्गे कोकणातील बंदरांशी जोडलेल्या जुन्नर परिसरात लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरी येथे दोनशेच्या आसपास लेणी खोदली गेली. येथील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. लेण्यांमधून भिक्षूंना बसण्या-निजण्यासाठी दगडी ओटे आणि पाणी साठविण्यासाठी पोढी, म्हणजे टाकी, कोरलेली आहेत. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरेने सांगितले जाते.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. येथे दगड कोरला गेला. त्याच्या पातळ लाद्या काढून त्या पसरल्या गेल्या नाहीत. यामागे खडकाचा स्वभाव आहे. बेसाल्ट कठीण व चिवट असतो. थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि पुष्कळ थरांत वायूच्या पोकळ्या राहून त्यांत पुढे गारगोटी व झिओलाइटसारखी खनिजे भरतात. त्यामुळे छिन्नी-हातोड्याने त्याचे ठोकळे निघतात, पायऱ्या, उंबरठे, डोणी व जोत्याचे चिरे घडतात. परंतु सहा-सात फूट लांबीची सलग, पातळ व सपाट लादी हाताने काढणे जवळपास अशक्य असते. पुढे ओट्याच्या बाबतीत स्थानिक दगड मागे का पडला, याचे पहिले उत्तर येथे मिळते.

२. जमिनीवरील स्वयंपाकघर

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातील बहुतेक घरांत स्वयंपाक जमिनीवर बसून होत असे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातिनिहाय घरे, भांडी व आहार यांची वर्णने आली आहेत. वाड्यांतील प्रशस्त स्वयंपाकघरापासून पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील कारवीच्या कुडाच्या घरापर्यंत आकारात व ऐपतीत मोठा फरक होता. तरीही सारवलेली जमीन, मातीची चूल, तिच्या बाजूचा वैल आणि चुलीलगतचा मातीचा कट्टा म्हणजे भानवस ही मांडणी सर्वत्र ओळखीची होती.

भानवस हा आजच्या ओट्याचा पूर्वज म्हणता येईल. शिजलेले अन्न उबदार राहावे म्हणून भांडी त्यावर ठेवली जात. मात्र तो वस्तू ठेवण्याचा कट्टा होता, काम करण्याचा नव्हे. काम जमिनीच्या पातळीवरच चाले. भाजी चिरावयास विळी, पीठ मळावयास काठवट किंवा परात, कांडण्यासाठी उखळ-मुसळ, दळण्यासाठी जाते आणि वाटणासाठी पाटा-वरवंटा, अशी सर्व साधने बसून काम करणाऱ्या शरीराच्या मापाने घडलेली होती. घरापुढील ज्या उंचवट्यावर पाहुणे टेकत, गप्पा होत, त्याला ‘ओटा’ म्हणत. हा शब्द घराच्या दर्शनी भागातून पुढे स्वयंपाकघरात गेला, हे अर्थपरिवर्तन लक्षणीय आहे.

काळ्या पाषाणाचे खरे घरगुती स्थान या साधनांत होते. पाटा, वरवंटा, जाते व उखळ यांना सपाट लांब लादी लागत नाही. लागतो तो न झिजणारा, न फुटणारा आणि किंचित खरबरीत दगड. हे सर्व गुण बेसाल्टमध्ये आहेत. वापराने गुळगुळीत झालेल्या पाट्याला व जात्याला पाथरवट किंवा वडार समाजातील कारागीर टाकी लावून देत. म्हणजेच स्वयंपाकघरातील दगड ही एकदाच विकत घेऊन विसरून जाण्याची वस्तू नव्हती. दगड, कारागीर आणि गृहिणी यांचा संबंध वर्षानुवर्षे चालू राहत असे.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पहाटेचे दळण, ओणव्याने फुंकलेली चूल आणि कोंडलेला धूर हे स्त्रियांच्या वाट्याचे कष्ट होते. गी पॉयटव्हाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरील ओव्या या श्रमजीवनाचा मोठा मौखिक दस्तऐवज आहेत. ज्या दगडाशी बसून स्त्रिया व्यक्त झाल्या, तोच दगड त्यांच्या शरीराला थकवणाराही होता, हे दोन्ही पैलू इतिहासलेखनात एकत्र ठेवावे लागतात.

३. बसण्याकडून उभे राहण्याकडे

उभ्याने स्वयंपाक करण्याची पद्धत या तालुक्यांत प्रामुख्याने शहरांतून आली. जुन्नर-आंबेगावचा मुंबईशी संबंध घनिष्ठ आहे. गिरण्या, गोद्या, बाजारपेठा आणि डबे पोहोचविण्याचा व्यवसाय यांत येथील पुरुष पिढ्यान्पिढ्या काम करीत आले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या मोटारीखाली हौतात्म्य पत्करणारे गिरणी कामगार बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या चाळीतील लहान खोलीत जागेच्या टंचाईमुळे मोरीलगतचा ओटा आणि त्यावरील शेगडी वा स्टोव्ह ही मांडणी सोयीची ठरली. सुट्टीत गावी येणाऱ्या कुटुंबांनी ही कल्पना सोबत आणली.

यास जागतिक संदर्भही आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुविशारदाने जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी लहान, आखीव स्वयंपाकघराचा आराखडा तयार केला. गृहिणीचे हेलपाटे कमी करणे हा त्यामागील विचार होता. त्या आराखड्यात स्त्रीच्या हालचालींचे मोजमाप आधी झाले व रचना नंतर ठरली. आपल्याकडे मात्र ओटा बहुधा गवंड्याच्या ठरावीक मापाने आला.

ओट्याच्या प्रसाराचे निर्णायक कारण इंधन हे होय. लाकूडफाट्याची चूल जमिनीवरच सोयीची असते. लांब लाकडे पुढे सारावी लागतात, राख काढावी लागते आणि छपराला आगीपासून जपावे लागते. रॉकेलचा स्टोव्ह व नंतर गॅसची शेगडी यांना ही बंधने नाहीत. त्यातही गॅसच्या शेगडीसाठी सपाट व उंच बैठक लागते आणि सिलिंडरला तिच्याखाली जागा मिळते. मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यास घरगुती गॅस आला. ग्रामीण भागात तो सावकाश पोहोचला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर तो गरीब कुटुंबांपर्यंतही जाऊ लागला. तरीही भाकरीसाठी, पाणी तापविण्यासाठी चूल टिकून आहे. म्हणून या भागात पुष्कळ ठिकाणी घरात ओटा आणि पडवीत चूल अशी दुहेरी व्यवस्था दिसून येते.

इंधनाइतकेच महत्त्व घरबांधणीच्या आर्थिक पायाला आहे. कुकडी प्रकल्पांतर्गत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे ही धरणे झाली. पूर्वेकडील खोऱ्यांत ऊस, द्राक्षे, टोमॅटो व भाजीपाला वाढला. नारायणगाव व मंचर येथील बाजारपेठा विस्तारल्या. त्यातून विटा-सिमेंटची घरे आली आणि त्यांबरोबर पक्का ओटा आला. याच विकासाची दुसरी बाजू म्हणजे घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव व आसपासची गावे बुडाली. तेथील घरांबरोबर चुली व भानवशीही पाण्याखाली गेल्या. एकाच प्रकल्पाने खालच्या खोऱ्यातील स्वयंपाकघर उंचावले आणि वरच्या खोऱ्यातील स्वयंपाकघर विस्थापित केले, ही नोंद आवश्यक आहे.

४. शहाबाद आणि कडप्पा

पक्क्या ओट्यासाठी लांब व सपाट लादीची गरज निर्माण झाली, तेव्हा स्थानिक पाषाण ती पुरवू शकत नव्हता. ती जागा दोन परप्रांतीय चुनखडकांनी घेतली. कर्नाटकातील आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची करडी फरशी हा पहिला आणि आंध्र प्रदेशातील कडप्पा व कर्नूल भागातील काळा दगड हा दुसरा.

हे दोन्ही दगड प्राचीन जलाशयांच्या तळाशी गाळ साचून तयार झालेले असल्याने त्यांत आडवे पदर असतात. पहार व पाचर यांच्या साहाय्याने ते पदर सुटे होतात आणि यंत्राशिवायही एक-दीड इंच जाडीची मोठी लादी मिळते. बेसाल्ट व चुनखडक यांमधील हा फरक ओट्याच्या इतिहासात कठीणपणापेक्षाही महत्त्वाचा ठरला.

दुसरा घटक वाहतुकीचा. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यास पोहोचली. १८७१ मध्ये ती सोलापूर, शहाबादमार्गे रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि ही मद्रासकडची वाट कडप्पा भागातूनच जाते. त्यामुळे दोन्ही खाणक्षेत्रे पुणे-मुंबईच्या बाजारपेठेशी जोडली गेली. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मात्र आजही रेल्वे नाही. तेथे हा दगड पुणे-नाशिक मार्गाने मालमोटारींतून आला. म्हणूनच महामार्गावरील नारायणगाव, मंचर अशा गावांत तो सहज मिळणे आणि घाटाखालच्या व डोंगरकपारीच्या वाड्यांत तो उशिरा पोहोचणे हा क्रम समजण्यासारखा आहे.

कडप्पा स्वस्त, काळा व डाग लपविणारा असल्याने मध्यमवर्गीय ओट्याचा जणू समानार्थी शब्द बनला. परंतु तो मूलतः कॅल्शियम कार्बोनेटयुक्त आहे. लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांतील आम्लाची त्याच्याशी क्रिया होते व पृष्ठभागावर पांढुरके डाग पडतात. ज्या स्वयंपाकात आंबट पदार्थांचा वापर नित्याचा आहे तेथे हा दोष लहान नव्हे. गृहिणींनी त्यावर तेलाचा हात फिरविण्याचा उपाय शोधला. त्याने रंग तात्पुरता खुलतो, दगडाचा स्वभाव बदलत नाही.

५. ग्रॅनाइटचा प्रवेश आणि एक विसंगती

हिऱ्याच्या कणांची पाती असलेली यंत्रे व पॉलिशचे कारखाने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत देशात वाढले. लादी काढण्यासाठी दगडात पदर असण्याची अट त्यामुळे संपली. कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा, तमिळनाडू व राजस्थानातील कठीण दगड पाऊण इंच जाडीच्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या लाद्यांच्या रूपाने बाजारात आला. ग्रॅनाइट आम्लास दाद देत नाही, गरम तवा सहन करतो व सहसा चरे पडू देत नाही. त्यामुळे तो पसंतीस उतरला आणि त्याचबरोबर प्रतिष्ठेचे चिन्हही झाला.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून सर्वाधिक मान असलेला दगड शास्त्रीय अर्थाने बहुधा ग्रॅनाइट नसतो. कर्नाटकातील चामराजनगर किंवा तमिळनाडूतील कुन्नम येथील काळा दगड हा डोलेराइट वा गॅब्रो या वर्गातील आहे. रासायनिक घडणीच्या दृष्टीने हे खडक बेसाल्टचे जवळचे आप्त होत. फरक इतकाच की ते जमिनीखाली सावकाश थंड झाल्याने त्यांचे कण भरड असून त्यांत पोकळ्या नसतात व मोठे सलग ठोकळे मिळतात. म्हणजे ज्या कुळाच्या दगडावर आजी वाटण वाटत होती, त्याच कुळाचा दगड परप्रांतातून पॉलिश होऊन नातीच्या ओट्यावर आला. मधल्या काळात पाट्याची जागा मिक्सरने घेतली आणि घरचा पाटा परसात गेला.

स्थानिक बेसाल्ट मात्र स्वयंपाकघरातून पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. तो खडीच्या रूपाने सिमेंट काँक्रीटमध्ये आहे. या भागातील सर्वसाधारण ओटा पाहिला तर जमीन व छत यांच्या काँक्रीटमध्ये सह्याद्रीची खडी, ओट्याला आधार म्हणून उभे-आडवे कडप्पे आणि सर्वांत वर ग्रॅनाइट अशी रचना आढळते. ओट्याचा सारा इतिहास त्याच्या छेदातच थरांच्या रूपाने शिल्लक आहे. जो दगड सर्वांत जवळचा, तो सर्वांत खाली व अदृश्य. जो सर्वांत दूरचा, तो सर्वांत वर व मानाचा.

६. आजची निवड : काही निकष

उपरोक्त इतिहासावरून निवडीचे काही व्यावहारिक निकष निघतात. पहिला निकष आम्लाचा. दगडाच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे थेंब काही वेळ ठेवून पुसले असता चकाकी गेल्यास तो चुनखडकाच्या जातीचा समजावा. संगमरवरासही हेच लागू आहे. दुसरा निकष रंगाचा. हलक्या प्रतीच्या दगडाला काळा रंग देऊन तो विकण्याचे प्रकार होतात. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन घासले असता फडके काळे झाल्यास रंग दिलेला आहे असे ओळखावे. तिसरा निकष सांध्यांचा. टाइलचा ओटा स्वस्त असला तरी सांध्यांत पीठ व तेल साचते. सलग लादीत हा दोष नसतो.

चौथा निकष उंचीचा असून तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. उभ्याने काम करताना ओटा कोपराच्या पातळीपेक्षा चार ते सहा इंच खाली असणे सोयीचे असते. बाजरीची भाकरी थापताना तळहाताने वरून दाब द्यावा लागत असल्याने त्याहून किंचित कमी उंची लागते, तर शेगडीवरील पातेल्याची कड ओट्याहून बरीच वर येते. या सर्व कामांना एकच माप लावले की खांदा व कंबर यांवर ताण येतो. उंचीचा निर्णय गवंड्यावर सोडण्यापेक्षा जी व्यक्ती ओट्यावर काम करणार तिच्या कोपरावरून घेणे, यास काहीही जादा खर्च येत नाही.

पाचवा निकष घराबाहेरचा आहे. अलीकडे लोकप्रिय झालेला कृत्रिम क्वार्ट्झ हा नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झची भुकटी राळेने बांधून तयार करतात. राळेमुळे गरम भांड्याने तो खराब होऊ शकतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे तो कोरडा कापताना उडणाऱ्या सूक्ष्म धुळीमुळे कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार जडतो. याच कारणासाठी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या कापणीतही मुक्त सिलिका असतेच. म्हणून दगड घरात किंवा अंगणात कापताना पाण्याचा वापर व कारागिराच्या तोंडावर योग्य मुखपट्टी यांचा आग्रह धरणे हा ग्राहकाच्या कर्तव्याचा भाग मानला पाहिजे. टाकी लावणारा कारागीर पूर्वी गृहिणीच्या नजरेसमोर होता. आता तो कारखान्यात दिसेनासा झाला आहे, एवढ्याने त्याच्याविषयीची जबाबदारी संपत नाही.

निष्कर्ष

१. जुन्नर-आंबेगाव परिसरात काळ्या पाषाणाचा वापर कोरीव व घडीव वस्तूंसाठी झाला. पातळ सलग लादी हाताने निघत नसल्याने आधुनिक ओट्यात त्यास स्थान मिळाले नाही.

२. शहाबाद व कडप्पा यांचा स्वीकार त्यांच्या टिकाऊपणापेक्षा त्यांच्या पदरांमुळे व दळणवळणाच्या सोयीमुळे झाला. ग्रॅनाइटचा स्वीकार कापणीच्या यंत्रांमुळे शक्य झाला.

३. चुलीकडून शेगडीकडे झालेला इंधनबदल, मुंबईशी असलेला श्रमाचा संबंध आणि सिंचनातून आलेले उत्पन्न यांमुळे ओटा ग्रामीण घरात रुजला. त्याचा लाभ दोन्ही तालुक्यांच्या सर्व भागांना सारख्या प्रमाणात मिळाला नाही.

४. ओट्याने स्त्रीला जमिनीवरून उभे केले, ही सामाजिकदृष्ट्या मोठी घटना होय. परंतु दगड निवडताना भाव व चकाकी यांची जेवढी चर्चा होते, तेवढी तिच्या उंचीची होत नाही. हे परिवर्तन त्या अर्थाने अपूर्ण आहे.

सारांश, स्वयंपाकघराचा ओटा हा स्थानिक इतिहासाचा एक विश्वसनीय पुरावा आहे. लेण्यांतील दगडाकडे ज्या गांभीर्याने पाहिले जाते, त्याच गांभीर्याने घरातील पाटा, जाते व कडप्पा यांची नोंद गावोगाव होणे आवश्यक आहे. परसात पडलेले पाटे व जाती नाहीशी होण्यापूर्वी त्यांची मापे, त्यांच्या दगडाचा प्रकार आणि ती वापरणाऱ्या स्त्रियांच्या आठवणी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने संकलित केल्यास स्त्रियांच्या श्रमाच्या इतिहासास मोलाची सामग्री उपलब्ध होईल.